पिंजलेली लोकर

‘पोलिसांनी परिसर पिंजून काढला’ हे वाक्य वर्तमानपत्रात अधूनमधून येतेच. पिंजणे म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर मुले सांगतात, ‘शोधणे’. त्याच वर्गात पिंजारी आडनावाची मुले असतात, नदाफ असतात, मन्सुरी असतात. तिन्ही नावे एकाच धंद्याची. नद्दाफ हा अरबी शब्द, पिंजारी आपला मराठी, उत्तरेकडे त्यालाच धुनिया म्हणतात. हा धंदा काय होता, हे मुलांना घरातही कुणी सांगत नाही. काही घरांत तर ते मुद्दाम सांगत नाहीत.

पिंजाऱ्याचा मुख्य माल कापूस, हे खरे. पण त्याची कमान लोकरीवरही चालते, आणि मला आज लोकरीबद्दलच लिहायचे आहे.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि रंगाने काळी, करडी, तपकिरी अशी मिश्र असते. वर्षातून दोनदा कातरणी होते, तरी मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर पदरात पडते. कातरणीआधी धनगर मेंढ्यांना ओढ्यात घालून धुतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ते मऊ असते, म्हणून वेगळे ठेवतात. पुढचे काम चिकाटीचे. आधी रंग वेगळे करायचे. मग पुंजके बोटांनी मोकळे करत गोखरू, कुसळे, वाळलेल्या लेंड्या काढून टाकायच्या. हे काम बहुधा बायका करत, आणि बहुतेक लिखाणात त्यांचा उल्लेख एका ओळीपुरताच येतो. लोकर कोमट पाण्यातही धुतात, पण तिथे घाई चालत नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. मग त्यातून सूत निघत नाही.

यानंतर येते पिंजण. लाकडी दांड्याला बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची वळलेली तात ताणून बांधलेली असते. म्हणजे मेंढीच्या आतड्याने मेंढीचीच लोकर पिंजायची! कमान छताला दोरीने टांगतात, म्हणजे हातावर भार येत नाही. तात लोकरीच्या ढिगात धरायची आणि डमरूसारख्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर टोला द्यायचा. तात थरथरते, तंतू उडतात, माती आणि कचरा खाली पडतो. मूठभर लोकरीचा टोपलीभर ढग होतो. दातेरी फण्यांनी विंचरले तर तंतू एका दिशेला लागतात आणि सूत गुळगुळीत होते. कमानीने पिंजलेले तंतू मात्र वाटेल तसे पसरतात, त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. घोंगडीच्या उबेचे हे एक मोठे कारण. उडालेली धूळ मात्र पिंजणाऱ्याच्या छातीत जात असे. या कलेचे कौतुक करताना ते विसरू नये. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून ते चरख्यावर कातायचे, मग मागावर चढवण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ द्यायची.

चरख्याचाही धागा आपल्या दख्खनशी जुळतो. भारतातला चरख्याचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इतिहासकार इरफान हबीब यांनी इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’मध्ये दाखवला आहे. काही अभ्यासक चरखा त्याहून जुना मानतात. हा ग्रंथ 1350 चा. मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला आणले, त्यांत इसामी होता, आणि ग्रंथ त्याने पहिल्या बहमनी सुलतानाला अर्पण केला. त्यातला उल्लेख काही गौरवाचा नाही. रझिया सुलतानवर टीका करताना बाईने चरख्यापाशी बसावे, असे तो म्हणतो.

मन्सुरी हे नाव हुसेन बिन मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडतात. मन्सूर हे खरे तर वडिलांचे नाव, पण आपल्याकडे मुलालाच मन्सूर म्हणण्याची पद्धत पडली. हल्लाज म्हणजे पिंजणारा. 922 मध्ये बगदादला त्यांना देहदंड झाला. आपले पिंजारी त्यांचे वंशज आहेत असे मी मानत नाही. पण ज्या कारागिराला गावात मान नव्हता, त्याने आपल्या धंद्याचा एवढा मोठा माणूस शोधून त्याचे नाव लावले, यात मला इतिहास दिसतो. सूफी हा शब्दही बहुतेक अभ्यासक ‘सूफ’ म्हणजे लोकर यावरूनच आला असे मानतात. सुरुवातीचे फकीर जाडीभरडी लोकर पांघरत.

आणि कुरआनातली 101 वी सूरह, अल-कारिआ. त्या दिवशी पर्वतांची अवस्था कशी होईल, हे सांगताना तिथे ‘इहन’ आणि ‘मनफूश’ हे शब्द येतात: रंगीत लोकर, तीही पिंजलेली. रंगीत का, तर पर्वतही वेगवेगळ्या रंगांचे असतात, असे भाष्यकार सांगतात. ही सूरह लहान आहे, मुलांना पाठ असते. पण ज्याने काळ्या, करड्या, तपकिरी लोकरीचा घट्ट गठ्ठा तातेच्या एका टोल्याने हवेत विखुरताना पाहिलेला नाही, त्याच्यापुढे हे चित्र कसे उभे राहणार? अर्थ मी फळ्यावर लिहून देतो. तेवढ्याने भागत नाही.

आता दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. पुष्कळ धनगरांना तिच्यातून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती टाकून दिली जाते. कापूस यंत्रावर पिंजला जातो आणि गाद्या फोमच्या येतात. पिंजारी हा शब्द ओबीसीच्या यादीत आहे, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर तो अजून काळजीपूर्वक लिहिला जातो. दाखला भरताना मी त्या मुलाला आता एवढे विचारतो, की आजोबांची कमान घरात आहे का. एकाने सांगितले, माळ्यावर आहे, तात मात्र तुटली आहे.