पोलिसांचे संशोधन : आकडे कुठून येतात आणि त्यात आपण कुठे आहोत?

पोलीस खाते तपासाबरोबर संशोधनही करते. त्यासाठी २८ ऑगस्ट १९७० रोजी केंद्र सरकारने पोलीस संशोधन व विकास ब्युरो स्थापन केला. पोलीस दलाचे संख्याबळ, प्रशिक्षण, कामाच्या पद्धती यांवर तो अभ्यास करतो, गुन्हेशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिपही देतो. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो (एनसीआरबी) आला. ‘क्राइम इन इंडिया’ हा १९५३ पासून निघणारा वार्षिक अहवाल आता तोच काढतो.

आकडे काय सांगतात?

या अहवालानुसार अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे २०२१ मध्ये ५०,९०० आणि २०२२ मध्ये ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. यात ‘नोंदले गेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठाण्यात फिर्यादच घेतली नाही, तर ती घटना संशोधनात येत नाही. एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली, तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. म्हणून वाढलेला आकडा अत्याचार वाढल्याचा की लोक धीराने ठाण्यात जाऊ लागल्याचा, हे नुसत्या तक्त्यावरून ठरवता येत नाही.

बौद्ध कुठे आहेत?

१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्यामुळे बौद्ध पीडितांची मोजणी अनुसूचित जातींमध्येच होते, वेगळी दिसत नाही. एनसीआरबीच्या तुरुंगविषयक अहवालात धर्माचे रकाने हिंदू, मुस्लीम, शीख, ख्रिश्चन आणि ‘इतर’ असे आहेत. बौद्ध कैदी या ‘इतर’मध्ये हरवतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम ८ नुसार राज्य पोलीस मुख्यालयात संरक्षण कक्ष असतो. अत्याचारप्रवण भागांचे सर्वेक्षण करणे, गुन्ह्यांमागची संभाव्य कारणे शोधणे आणि शासनाला दरमहा अहवाल देणे ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणजे हे संशोधन पोलिसांच्या मर्जीवर सोडलेले नाही.

आमच्या मते तरुणांनी तीन कामे करावीत. माहिती अधिकारात हे सर्वेक्षण व अहवाल मागावेत. नियम १७ ची जिल्हा दक्षता समिती तीन महिन्यांतून किमान एकदा बसते का, हे तपासावे. आणि फिर्याद नाकारलेल्या घटनांची तारीखवार नोंद गावपातळीवर ठेवावी. पोलिसांच्या आकड्याला उत्तर द्यायचे तर आपल्याकडेही नोंद हवी. नुसत्या संतापाची दखल कोणताही तक्ता घेत नाही.

जय भीम!