थिबा राजवाडा वस्तुसंग्रहालय, रत्नागिरी

रत्नागिरी शहरातील थिबा राजवाड्यात असलेले कला व इतिहासविषयक प्रादेशिक वस्तुसंग्रहालय.

तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात (१८८५) पदच्युत झालेला कोनबाउंग घराण्याचा अखेरचा राजा थिबा (पहा : ब्रह्मदेश) १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता, ब्रिटिश सरकारने बांधलेल्या या वाड्यात तो १९१० मध्ये राहावयास आला व १९१६ मध्ये येथेच निवर्तला, तर कुटुंबीय १९१९ मध्ये मायदेशी परतले.

इमारत तीनमजली असून तिला उतरती छपरे आणि कोरीवकाम केलेल्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आहेत. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे नृत्यदालन असून वाड्याच्या मागील बाजूस बुद्धमूर्ती आहे. वास्तूच संग्रहातील प्रमुख वस्तू ठरावी, असे तिचे स्वरूप आहे.

जिल्ह्याच्या सागरी इतिहासाचे अवशेष मात्र दालनांबाहेर, विशेषतः दापोली तालुक्यातील हर्णे येथे, मूळ जागीच पाहावे लागतात. तेथील सुवर्णदुर्ग हा आंग्र्यांच्या आरमाराचा जलदुर्ग (चोहोबाजूंनी समुद्र असलेला किल्ला) १७५५ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून ब्रिटिश कमोडोर जेम्स याने जिंकला, समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे त्याचे उपदुर्ग आहेत (पहा : आंग्रे घराणे, सुवर्णदुर्ग).