स्वयंपाकघरातली परीक्षा

आजचा धागा एका सरकारी अर्जाविषयी आहे. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा.

१ जुलै २०२५. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये अपंग व आजारी नागरिकांच्या भत्त्यांमध्ये बदल करणाऱ्या विधेयकावर चर्चा सुरू होती. ती चालू असतानाच मंत्री स्टीफन टिम्स उभे राहिले आणि विधेयकातले सर्वांत वादग्रस्त कलम वगळले जाईल, असे त्यांनी जाहीर केले. काही वेळाने मतदान झाले आणि विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले. ज्या कलमावरून सत्ताधारी मजूर पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी बंडाचे निशाण उभारले होते, ते कलम मतदानाच्या वेळी नावापुरते उरले होते. बातम्यांनी ही पंतप्रधानांची नामुष्की ठरवली. मला मात्र त्या घरांचा विचार सुचत राहिला, जिथे मार्च महिन्यापासून कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन स्वतःचे गुण पुन्हा पुन्हा मोजत बसले होते.

गुण म्हणजे काय, त्याकडे येऊच. आधी थोडे मागे जाऊ.

१९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा आणला. पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेनी भरायच्या, मालकाने तीन आणि सरकारने दोन. जानेवारी १९१३ पासून आजारी कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग मिळू लागले. स्त्री कामगाराला साडेसात. ही मदत २६ आठवडे चाले, त्यानंतर पाच शिलिंगांचा अपंगत्व भत्ता. वर्कहाउसच्या धाकात वाढलेल्या पिढीसाठी ही क्रांतीच होती. पण वर्षभरातच आरडाओरड सुरू झाली की स्त्रिया अपेक्षेपेक्षा फार आजारी पडत आहेत! विमातज्ज्ञांचे आडाखे चुकले होते, संशय मात्र बायकांवर गेला. चौकशी समिती बसली. कामगार चळवळीतल्या मेरी मॅकार्थर त्या समितीवर होत्या. त्यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मते स्त्रिया ढोंग करत नव्हत्या. अपुरे वेतन, अपुरे अन्न आणि बाळंतपणे यांमुळे त्या खरोखरच आजारी होत्या आणि तोवर ते कोणी मोजलेच नव्हते.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. या योजनेत गृहिणी नव्हतीच. नवरा विमाधारक असेल तर तिला प्रसूतीच्या वेळी ३० शिलिंग मिळत, एवढेच. १९४२ च्या प्रसिद्ध अहवालात बेव्हरिज यांनी गृहिणींना स्वतंत्र वर्ग मानले खरे, पण त्यांचे संरक्षण पतीच्या वर्गणीवरच टेकवले.

(जाता जाता आपल्याकडचा धागा. बेव्हरिज अहवालाची चर्चा जगभर चालू असताना, १९४३ साली, भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. त्या वेळी मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. गिरणगावातल्या ज्या घरांत 'ईएसआय'चे कार्ड जपून ठेवलेले असे, त्या कार्डामागचा हा इतिहास. आजही या योजनेत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामगाराच्या पत्नीला उपचार मिळतात; पण तिने स्वतः अंथरूण धरले, तर तिच्या थांबलेल्या कामाचा हिशेब इथेही होत नाही.)

१९६५ साली मेगन द्यू ब्वासाँ या गृहिणीने 'गार्डियन' वृत्तपत्राला पत्र लिहिले. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता. हात-पाय हळूहळू साथ सोडत होते आणि कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याकडे त्यांच्यासाठी एक पेनीही नव्हती, कारण त्यांनी 'काम' केलेले नव्हते. हाच आजार असलेल्या बेरिट मूर यांच्यासह त्यांनी 'डिसेबलमेंट इन्कम ग्रुप' ही संघटना उभी केली. १९६९ साली मोटार अपघातात मेगन गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, अहोरात्र सोबतीची गरज असणाऱ्यांसाठीचा पहिला भत्ता सुरू झाला.

आता मुख्य गोष्ट. १९७५ मध्ये, विम्याची वर्गणी न भरलेल्या अपंगांनाही निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. पुरुषाला आणि अविवाहित स्त्रीला काम करण्यास असमर्थ असल्याचे दाखवणे पुरेसे होते. विवाहित स्त्रिया यातून वगळल्या गेल्या. ओरड झाल्यावर १९७७ मध्ये त्यांनाही दार उघडले, पण उंबऱ्यावर आणखी एक अट ठेवून. नोकरी करता येत नाही हे तर दाखवायचेच, शिवाय 'नेहमीची घरकामे'ही करता येत नाहीत हे सिद्ध करायचे. स्वयंपाक येतो का, कपडे धुता येतात का, बाजारहाट जमतो का? ओट्याशी बसून कशीबशी भाजी चिरणारी स्त्री या हिशेबात सक्षम ठरू शकत होती. त्याच आजाराच्या पुरुषाला मात्र चहा करता येतो का, असे कोणी विचारले नाही.

अर्जदार स्त्रीची कोंडी पाहा. आयुष्यभर ज्या कामाला राज्याने काम मानले नाही, त्याच कामाच्या आधारे ती आता 'सक्षम' ठरवली जात होती. आणि भत्ता हवा असेल तर घर आपल्या हातून चालत नाही, हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचे. नियमांच्या इतिहासात याहून निर्दय नियम पुष्कळ सापडतील, इतका अपमानकारक क्वचितच.

१९८४ मध्ये ही चाचणी रद्द झाली. विजय? अर्धाच. तिच्या जागी आलेल्या भत्त्यात स्त्री-पुरुष समान झाले. पण विसाव्या वर्षानंतर असमर्थ झालेल्या सर्वांनाच ८० टक्के अपंगत्व सिद्ध करणे भाग पडले. समानता आली ती सर्वांसाठीच वाट अरुंद करून.

पुढची तीस वर्षे थोडक्यात सांगतो, कारण त्यात नावे बदलत गेली आणि संशय तोच राहिला. १९९५ मध्ये नवी कार्यक्षमता चाचणी आली, २००८ मध्ये आणखी एक. ती घेण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे होते. २०१३ मध्ये 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' म्हणजे 'पिप' आले. हा भत्ता नोकरी असो वा नसो, अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी असतो. २०१६ च्या अर्थसंकल्पात त्याला कात्री लावण्याची घोषणा झाली, तेव्हा खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी राजीनामा दिला आणि कपात मागे घेतली गेली.

'पिप'ची परीक्षा गुणांची आहे. दैनंदिन जीवनातली दहा कामे तपासतात. आठ गुण मिळाले तर भत्ता मिळतो, बारा मिळाले तर वाढीव. आणि यादीतले पहिले काम कोणते? स्वयंपाक! साधे जेवण करायला उपकरण लागते, तर दोन गुण. शेजारी कोणी लक्ष ठेवायला हवे, तर चार. अजिबात जमत नाही, तर आठ. आंघोळ, शौच आणि कपडे घालणे यांतही केवळ उपकरणाची गरज असेल तर दोन-दोन गुण. अशा चार दोनांची बेरीज आठ होते आणि भत्ता मिळतो.

मार्च २०२५ च्या प्रस्तावात म्हटले होते की, नुसती बेरीज पुरणार नाही. कोणत्या तरी एका कामात किमान चार गुण हवेतच. म्हणजे चारही कामांत थोडी थोडी अडणारी व्यक्ती बाद. सरकारच्याच अंदाजानुसार, या सुधारणांच्या एकूण परिणामाने अडीच लाख लोक दारिद्र्यात ढकलले जाणार होते, त्यांत ५० हजार मुले. भत्त्यांवरचा खर्च वेगाने वाढतो आहे, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. पण वर्षाला सुमारे पाच अब्ज पौंडांची बचत आधी ठरली आणि निकष त्या आकड्याला बेतून शिवला, ही शंका मला टाळता येत नाही.

जूनअखेर सवलत जाहीर झाली की सध्याच्या लाभार्थ्यांना हात लागणार नाही. चार दिवसांनी ते कलमच बाजूला पडले. सप्टेंबरमध्ये कायदा झाला. त्यानुसार एप्रिल २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमधला आजारपणाचा वाढीव हिस्सा बहुतेक नव्या अर्जदारांसाठी जवळपास निम्म्यावर आणण्याचे ठरले. 'पिप'च्या निकषांचा फेरविचार टिम्स यांच्याच आढाव्याकडे गेला आणि अहवालासाठी २०२६ च्या शरदाचा वायदा दिला गेला. तोपर्यंत अर्ज तोच, आणि त्यातला पहिला प्रश्नही तोच: तुम्हाला स्वतःपुरते जेवण करता येते का?