पोथीतल्या मुक्या बायका



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, वाचनात आले तेवढेच सांगते.

गांधारीने आंधळ्या पतीसाठी डोळ्यांवर पट्टी बांधली, म्हणून ती थोर पतिव्रता, असे आपण पोथीत ऐकत आलो. ती पट्टी बांधताना तिच्या मनात काय होते, हे कोणी विचारले नाही. डॉ. इरावती कर्वे यांनी ते विचारले. त्यांच्या 'युगान्त'मधली गांधारी रागावलेली आहे. हे पुस्तक १९६७ साली निघाले व १९६८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पण त्याच्याही आधी आपल्या विदर्भातल्या एका बाईने तोंड उघडले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. सावित्रीने यमाच्या दारातून नवरा परत आणला. पण बायकोसाठी यमाकडे गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असा त्यांचा रोख होता. ते पुस्तक पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले, म्हणून आज आपल्याला वाचता येते.

परदेशातही हेच चालले आहे. ग्रीक लोकांच्या जुन्या महाकाव्यात ओडिसियस घरी परततो आणि बारा दासींना फासावर चढवले जाते. कॅनडाच्या मार्गारेट अॅटवुड यांनी २००५ साली त्याची राणी पेनेलोपी व त्या दासी यांनाच बोलते केले.

कोणी म्हणेल, हा पोथीचा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर सीतेचा वनवास गात, तेव्हा त्यांनी सीतेला आपल्यासारखीच सासुरवाशीण केली होती. त्याला कोणी पाप म्हटले नाही.

गांधारीची गोष्ट जुनी झाली, असेही समजू नका. आजही मुलगी दाखवताना "तिला विचारले आहे" असे आपण म्हणतो; पण तिने नाही म्हटले तर ऐकून घेण्याची तयारी किती घरांत असते? मुलीच्या गप्प बसण्याला आपण होकार समजतो. तिच्याही डोळ्यांवर पट्टी असते. ती दिसत नाही, एवढेच.

म्हणून माझी विनंती एवढीच, की पोथी जरूर वाचावी, आणि वाचून झाल्यावर त्यातल्या बाईला काय वाटले असेल, यावर घटकाभर बोलावे. घरातल्या मुलीलाही तेव्हा जवळ बसवावे.