भूमिका मोलकरणीची, लढाई स्वतःच्या घराची

आज एका अमेरिकन नटीची गोष्ट सांगते. तिचं नाव हॅटी मॅकडॅनियल.

हॅटी १८९३ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी जन्मली. आईवडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. तेरा भावंडांतलं ही शेंडेफळ. भावंडांबरोबर ती गाण्याचे, विनोदाचे खेळ करायची. १९२९ साली मोठी मंदी आली, कामं बंद पडली. मग मिल्वॉकी शहरातल्या एका क्लबात ती स्वच्छतागृहाच्या कामाला लागली. पुढे त्याच क्लबात तिला गायची संधी मिळाली.

१९३१ साली ती लॉस एंजेलिसला गेली. तिथं सिनेमात काळ्या बाईला काम मिळायचं ते बहुतेक मोलकरणीचंच. सिनेमाचं काम नसेल तेव्हा ती पोटासाठी खरोखरच दुसऱ्यांच्या घरी राबायची.

१९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट आला. त्यातली मॅमी म्हणजे हॅटी. अटलांटा शहरात पहिला खेळ मोठ्या थाटात झाला, पण वर्णभेदाच्या कायद्यामुळे काळ्या कलाकारांना तिथं जागा नव्हती. १९४० साली तिला ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली काळी कलाकार. पण त्या समारंभातही तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

गोऱ्यांनी दूर ठेवलं, आणि आपल्यातलेही काही रागावले. सारखी मोलकरीण होऊन तू समाजाची मान खाली घालतेस, असं ते म्हणत. हॅटीचं म्हणणं, घरकाम करण्यापेक्षा पडद्यावर ते करून दाखवण्यात मोबदला कितीतरी जास्त आहे, आणि कष्टात लाज कसली?

याच पैशातून तिनं चांगल्या वस्तीत घर घेतलं. काही गोरे शेजारी कोर्टात गेले. इथली घरं काळ्यांना विकायची नाहीत, अशी अट कागदपत्रांत आहे, असा त्यांचा दावा. हॅटीनं बाकीच्या काळ्या घरमालकांना एकत्र केलं, बैठका घेतल्या. १९४५ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. तीन वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही ठरवलं, की अशा अटी कोर्ट अमलात आणणार नाही.

१९४७ पासून रेडिओवर ‘ब्यूला’ मालिकेची ती नायिका झाली. पुढे तीच मालिका दूरदर्शनवर आली, तिथंही तिनं काम केलं. पण स्तनाच्या कर्करोगानं तिला गाठलं आणि १९५२ साली ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावायची तिची इच्छा होती. काळी म्हणून तिथंही नकार मिळाला. १९९९ साली त्याच जागी तिचं स्मारक उभं राहिलं.

मैत्रिणींनो, मोलकरणीच्या भूमिका घेण्यात हॅटीचं चुकलं का? पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. आणि हेही विचारा, घराच्या कागदावर आपल्यातल्या किती जणींचं नाव आहे?