कापडी बुटांची कुळकथा

दिवाळीच्या खरेदीत पहिला मान कपड्यांचा, दुसरा दागिन्यांचा. पायांची आठवण होते ती सर्वांत शेवटी. यंदा नाशिकच्या मेनरोडवर नातवाने घोट्याच्या खाली राहणारे पांढरे कापडी बूट पसंत केले आणि मी चकित झालो. हे तर आमचे कवायतीचे बूट! नाव मात्र नवे : स्नीकर्स.

या बुटांचे कूळ सामान्य नव्हे. रबर पूर्वी उन्हाळ्यात चिकट होई नि थंडीत तडके. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने त्यात गंधक मिसळून ते तापविले, आणि रबर टिकाऊ झाले. त्या रबराचा तळ कापडाला जोडला गेला. चालताना आवाज होत नाही, म्हणून इंग्रजीत त्याला चोरपावलांचे नाव मिळाले. अमेरिकेत १९१७ साली निघालेला कॉन्व्हर्सचा प्रसिद्ध खेळाडू-बूट घोटा झाकणारा होता. त्याची ठेंगणी आवृत्ती १९५७ साली आली. आपल्याकडे कलकत्त्याजवळच्या बाटानगरात १९३६च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी तसलाच बूट तयार होऊ लागला, आणि खडूने पांढरा करण्याची शनिवारची कामगिरी घरोघरी सुरू झाली.

पण नाशिककराला पायांची कथा एवढ्यावर थांबवता येत नाही. भरताच्या हाती पादुका देऊन श्रीराम पुढे पंचवटीस आले. म्हणजे आमच्या मातीला त्यांचे अनवाणी पायच ठाऊक! त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. गावाच्या वहाणा ज्यांनी शिवल्या, त्यांनाच अनेक खेड्यांत सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. पायांत काय असावे, हा केवळ आवडीचा प्रश्न कधीच नव्हता.

आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. २०१८च्या मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. कित्येकांच्या तळव्यांची सालटी निघाली होती. ती पाहून मुंबईकरांनी त्यांच्यासाठी चपला आणल्या.

म्हणून नातवाला म्हटले, “बाळ, बूट डोळ्यांनी निवडू नकोस, पायांनी निवड.” संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाच माप घ्यावे. दोन्ही पायांत घालून उभे राहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. टाच सुटू नये, चवड्याला आवळू नये. बूट पुढच्या बाजूस, बोटांपाशी वाकावा. मध्येच दुमडला तर तो ठेवून द्यावा. रोजच्या वापराला कापड हलके नि हवेशीर. मात्र पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही.

“आजोबा, तुमचे बूट कसे होते?” त्याने विचारले.

आम्हां दोघा भावांत एकच जोड होता. माझी कवायत सोमवारी, धाकट्याची गुरुवारी. त्याच्या पायाला तो नेहमीच मोठा. पुढे कापसाचा बोळा घालून तो धावे, आणि तरी पहिला येई.

पैसे देताना मी आणखी एक जोड बांधायला सांगितला. भाऊबीजेला सारे जमतील, तेव्हा धाकट्याला देईन. माप या वेळी त्याचेच घेतले आहे.