नहर-ए-अंबरी नकाशावर कधी येणार?

मलिक अंबर म्हटले की आपल्याला गनिमी कावा आठवतो, फार तर महसूल पद्धत. माझी त्याच्याशी ओळख पाण्यामुळे झाली. लहानपणी अब्बांबरोबर औरंगाबादच्या पाणचक्कीवर जायचो. भिंतीवरून कोसळणारे हे पाणी येते कुठून, हा माझा ठरलेला प्रश्न. "डोंगरातून, मातीच्या नळातून," अब्बा सांगायचे. मला ती थाप वाटायची.

हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेल्या अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. हेच पुढचे औरंगाबाद. या नव्या शहरासाठी त्याने नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडच्या डोंगरउतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यात झिरपते आणि उताराने शहराकडे येते. साफसफाईसाठी जागोजागी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली, दाब सांभाळायला मनोरे. पंपाचे नाव नाही. पाणचक्कीची नहर नंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. पण तत्त्व तेच. (तिथे पाण्यावर पीठ दळले जाई, ते फकीर-मुसाफिरांच्या लंगरासाठी.)

आज शहराला पाणी येते ते सुमारे ५० किलोमीटरवरच्या जायकवाडीतून. पैठण शहरापेक्षा खाली आहे, म्हणजे प्रत्येक थेंब विजेच्या जोरावर वर चढवावा लागतो. लाखोंच्या वस्तीला केवळ नहर पुरणार नाही, हे मला मान्य आहे. 'अंबरच्या काळी सगळे छान होते' असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण शहर वाढताना नहरींवर घरे उभी राहिली, पाणलोटात बोअर पडले, उतार सिमेंटने झाकले गेले. पाणी मुरणेच थांबले तर बोगद्यात उतरणार काय?

२०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर स्थानिक संस्थांना गुण मिळतात. मालमत्ता कर वसूल करण्यासाठी पालिका उपग्रहाची छायाचित्रे आणि जीआयएस वापरू लागल्या. मग त्याच नकाशावर नहरींचा एक थर का नसावा? जमिनीच्या आत पाहणारे रडार आहे. बांधकाम परवाना किंवा ड्रेनेजचे खोदकाम मंजूर करताना अधिकाऱ्याला पडद्यावर दिसले पाहिजे, की इथे खाली चारशे वर्षांचा बोगदा आहे.

आपल्या लोकांनाही एक सांगायचे आहे. पाणचक्की वक्फची, तिच्या आवारातच वक्फ मंडळाचे कार्यालय. अंबरच्या नावाने आपण जलसे करतो. नहरीच्या तोंडात कचरा टाकणारे हात मात्र बाहेरचे नसतात. गेल्या महिन्यात एका तोंडाशी वाकून पाहिले. प्लास्टिकच्या ढिगाखाली पाण्याचा आवाज येत होता.